सुयांची मूठ

दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मी नुसतं हं हं करतो अशी तुझी तक्रार आहे, म्हणून हे लिहूनच कळवतो. मी सभागृहातली नोकरी सोडली. गेल्या आठवड्यात राजीनामा दिला. महिनाअखेरीला किल्ल्या परत करायच्या आहेत. पुढे स्वतंत्रपणे काम करीन. लोकांच्या घरी पियानो असतात, ते जुळवायचे आणि दुरुस्त करायचे. काम तेच आहे, फक्त जागा बदलेल.

तू कारण विचारशीलच. ही गेल्यापासून रंगमंचामागच्या त्या खोलीत बसवत नाही, हे एक. खोलीला खिडकी नाही हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं, आता जाणवतं. दुसरं कारण कामाचं आहे. पियानोत प्रत्येक तारेसमोर एक लाकडी हातोडी असते, तिच्या डोक्यावर लोकरीचा जाड थर असतो. वाजून वाजून तो थर कडक होतो आणि आवाज टोचायला लागतो. मग लाकडी मुठीत बसवलेल्या बारीक सुया त्यात खुपसून तो मऊ करायचा असतो. सभागृहातले सगळेच पियानो मला अलीकडे फार टोचत होते. मी ते मऊ केले. व्यवस्थापकांचं म्हणणं पडलं की मोठ्या पियानोचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचत नाही, बाहेरून आलेल्या वादकानं तक्रार केली. मी म्हटलं, हल्लीच्या वादकांना पियानो वाजवायचा नसतो, फोडायचा असतो. ते चिडले नाहीत. तुम्ही थोडी रजा घ्या, असं म्हणाले. ते ज्या मायेनं म्हणाले तेच मला सहन झालं नाही. घरी येऊन राजीनामा लिहिला.

काळजी करू नकोस. जेवण वेळेवर होतं. मेहुण्यांना नमस्कार, चिमणीला आशीर्वाद.

तुझा,
दादा


दि. १९ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी डोक्याला हात लावला. तो अजून काढलेला नाही, हे डाव्या हातानं लिहितेय असं समज. केस काळे होते तेव्हा लागलेली नोकरी तू एका संध्याकाळी सोडतोस आणि मला आठवड्यानं पत्र टाकतोस! एरवी चपला घ्यायच्या तर महिनाभर विचार करणारा माणूस तू.

आमच्या ह्यांना सांगितलं. ते आधी बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले की दादांच्या हाताबद्दल शंका नाही, पण लिफ्टमध्ये दुसरं कुणी शिरलं तर जो माणूस उतरून जिन्यानं जातो, तो घरोघरी जाऊन ओळखी कशा काढणार. मी त्यांना गप्प केलं, पण बोलले ते खोटं नाही. निदान दारावरची घंटा एकदा वाजवून परत फिरू नकोस. लोकांना दार उघडायला वेळ लागतो.

चेष्टा पुरे. दादा, राजीनामा मागे घेता येत असेल तर बघ ना. घरात तू एकटा, आणि दिवसभर जायला हक्काची जागा नाही, हे मला डोळ्यांसमोर आणवत नाही. नोकरीत निदान कुणीतरी तुला नावानं हाक मारत होतं.

चिमणीची पियानोची परीक्षा तुमच्याकडच्या केंद्रावर आली आहे. मार्चमध्ये ती तुझ्याकडे येऊन राहील. तिला सराव करायचा आहे, तर मामीच्या पियानोवर करू दे. तू खरंच जेवतोस की नाही तेही ती मला कळवेल. ती माझी हेर आहे, हे तुला आधीच सांगून ठेवते.

स्वतःला जप. मला पत्र टाकायला आठवडा लावू नकोस.

तुझी,
धाकटी


दि. २६ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

चिमणी काल सुखरूप निघाली. परीक्षा बरी गेली म्हणाली. तुझी हेर फार उघडपणे काम करते. पहिल्याच दिवशी तिनं फ्रीज उघडून, मामा, यात दूध आणि शाईची बाटली याशिवाय काही नाही, असं मोठ्यानं जाहीर केलं. ती शाई नव्हती, लाकडाला लावायचं तेल होतं. माझ्या नव्या चष्म्यात मी घुबडासारखा दिसतो असंही तिचं मत आहे.

कामाला सुरुवात झाली आहे. राजीनामा मागे घेण्याचा प्रश्नच नव्हता, माझ्या जागी माणूस घेतलासुद्धा. कार्डं छापून घेतली, ती वाद्यांच्या दुकानात आणि दोन शाळांत ठेवली. घंटा मी एकदाच वाजवतो, पण थांबतो. पहिलं गिऱ्हाईक एक दंतवैद्य मिळाले. त्यांचा पियानो दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. मी सूर जुळवले, हातोड्या मऊ केल्या, तर त्यांची बायको म्हणाली की आता खाली पेशंटना त्रास होणार नाही. पियानोबद्दल तिला एवढंच म्हणायचं होतं.

दुसऱ्या एक निवृत्त संगीतशिक्षिका आहेत. सगळे त्यांना बाईच म्हणतात. एकट्या राहतात. पुढच्या खोलीत पियानो, खिडकीशी वेताची खुर्ची. मुलं शिकायला येतात आणि बाई त्या खुर्चीतून ऐकतात. गुडघ्यांमुळे त्यांना सारखं उठता येत नाही. त्यांच्या हातोड्या दगड झाल्या होत्या. मी दोन दिवस बसून काम केलं. ही गेल्यानंतर मला काम करून बरं वाटलं असं ते पहिलंच घर.

तुला एक सांगायचं होतं. हिचं दुखणं वाढलं तेव्हा हिला आवाज सोसत नसे, ते तुला माहीत आहे. भांडं वाजलं तरी कपाळ दाबून धरायची. पलंग आपण पुढच्या खोलीत हलवला होता. संध्याकाळी मी पियानोची एकेक पट्टी दाबायचो, ही ऐकायची आणि अजून जरा म्हणायची. मी हातोड्या बाहेर काढून सुया मारायचो, परत बसवायचो. पुन्हा पट्टी दाबायची, पुन्हा अजून जरा. आमचं दोघांचं तेवढंच काम उरलं होतं. शेवटी एका संध्याकाळी ही म्हणाली, आता बरोबर आहे. त्यानंतर हिनं फारसं काही म्हटलं नाही.

तो आवाज माझ्या कानात बसला आहे. कुठल्याही घरी गेलो की मी तोच शोधतो. सभागृहात ते कुणाला कळलं नाही. स्वतंत्र झालो ते यासाठीच, हे तुला मागच्या पत्रात लिहायचं राहिलं.

चिमणीनं आपल्याकडे एकदाच वाजवलं. मग झाकण लावलं आणि सरावाला मैत्रिणीकडे जाऊ लागली. मी कारण विचारलं नाही. तिला विचारशील का?

तुझा,
दादा


दि. ९ एप्रिल

ती. स्व. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून उत्तर लिहायला घेतेय. दोनदा फाडलं. ह्यांनी विचारलं, भावाला पत्र लिहितेस की कोर्टाला.

चिमणीला विचारायची गरज पडली नाही. ती घरात पाऊल टाकल्याटाकल्याच म्हणाली की मामीचा पियानो मेलाय. मी रागावले. तर ती म्हणाली की खरंच, आई, पट्टी दाबली की दुलईखाली कुणीतरी खोकल्यासारखं वाटतं, आणि मामा बाजूला उभं राहून डोळे मिटून ऐकत होता, त्याला ते छान वाटत होतं. म्हणून ती तिथं वाजवायला बसेना. तुला तोंडावर कसं सांगायचं तिला कळेना. चिमणीला! तूच विचार कर.

दादा, आता मी लिहिते ते शांतपणे वाच. बसला नसशील तर बस.

शेवटच्या त्या आठवड्यात मी आले होते. तू औषधं आणायला बाहेर गेला होतास आणि मी वहिनीचे पाय चेपत होते. पियानो उघडाच होता, तुझ्या सुया वर ठेवलेल्या. मी सहज म्हटलं, वहिनी, तुमच्यासाठी दादा किती मऊ आवाज काढतो. ती हसली. म्हणाली की तिला कुठलाच आवाज सोसत नाही, मऊ नाही आणि कडक नाही. प्रत्येक पट्टीला डोक्यात कळ येते. मी म्हटलं, मग सांगत का नाही? तर म्हणाली, त्यांच्या हातात सुया असल्या की ते माझ्याकडे बघत नाहीत. बघतात तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवत नाही. तेवढा तासभर त्यांचा बरा जातो, तो जाऊ दे. मी म्हणतेच आहे अजून जरा, अजून जरा.

मला तिनं बोलू नको म्हणून सांगितलं होतं, आणि मीही बोलले नसते. ही गोष्ट तुमच्या दोघांची होती, ती तशीच राहिली असती तर माझं काय जात होतं? पण तू लिहितोस की दर घरी तोच आवाज शोधतोस. तो वहिनीचा आवाज नव्हता, रे. बरोबर आहे म्हणाली तेव्हा तिची फक्त ताकद संपली होती.

चिमणीलाही हे सांगितलं. ती उठून गच्चीवर गेली, ती जेवायलाच खाली आली.

मी लिहिलं ते चुकलं असेल तर मला रागाव, पण पत्र टाक. तुझी वाट बघते.

धाकटी


दि. ३ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं होतं. रागावलो नाही. हिला कळ येत होती आणि मी पट्टी दाबत होतो, याच्यापुढे माझं डोकं चालत नाही.

तुझं पत्र आल्यानंतर बाईंचा फोन आला होता. आवाजाबद्दल नव्हता. पियानोच्या एका पायाखालचं चाक अडकतंय, येऊन बघाल का, असं त्यांनी विचारलं. चाक नीट केलं. मग चहा घेताना त्या सहज सांगू लागल्या की मधे फार वाईट दिवस गेले. खुर्चीत बसून मुलांचं वाजवणं ऐकू येईनासं झालं. त्यांना वाटलं, कान गेले. कुणाला बोलल्या नाहीत. मुलांना उगीच जोरात वाजवा, जोरात वाजवा म्हणून ओरडत राहिल्या. एक मुलगी रडून शिकवणी सोडून गेली. शेवटी शिकवणं बंद करायचं ठरवून कानाच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरांनी तपासलं, कान वयाच्या मानानं उत्तम आहेत म्हणाले. त्यांना उलगडा होईना. मला म्हणाल्या, तुमच्या कामावर माझा विश्वास आहे, तेव्हा दोष माझ्या मनाचाच असणार, म्हातारपणी असं होतं.

मी कप खाली ठेवला आणि सांगितलं की दोष तुमचा नाही, तुमच्या हातोड्या मी मारून टाकल्या. त्यांना आधी समजलंच नाही. मग पियानो उघडून दाखवलं. लोकर पिंजलेल्या कापसासारखी झाली होती, बोट लावलं की आत जात होती. एकदा तशी झाली की ती पुन्हा घट्ट होत नाही. हे मला माहीत नव्हतं का? माझं शिक्षणच ते. तरी मी दोन दिवस त्यांच्या घरी बसून हे केलं, आणि तुला लिहिलं की काम करून बरं वाटलं.

सभागृहात फोन केला. व्यवस्थापक नेहमीसारखेच सौम्य बोलले. मोठ्या पियानोच्या सगळ्या हातोड्या बदलून झाल्या आहेत, आता कुणाची तक्रार नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, असं म्हणाले. दंतवैद्यांकडेही जाऊन सांगितलं. त्यांना आहे तेच बरं वाटतं, बदलू नका म्हणाले.

बाईंसाठी नव्या हातोड्या मागवल्या आहेत. बसवून देणार आहे. अडचण अशी की नवी हातोडी नुसती बसवून चालत नाही, तिचा आवाज कानानं घडवावा लागतो, आणि माझा कान आता कामाचा राहिलेला नाही. कुठलाही उघडा आवाज आला की मी आखडतो आणि हात सुयांकडे जातो. कुठे थांबायचं ते मला कळत नाही. हा धंदा ज्याच्या जोरावर सुरू केला ते माझ्याकडे नाही. नोकरीत असतो तर निदान कुणी अडवलं असतं.

म्हणून सोबतच्या पुडक्यात सुयांची मूठ पाठवतो आहे. तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस.

दादा


दि. १२ मे

ती. स्व. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

पुडकं मिळालं. उघडताना बोटाला सुई लागली. इतकी वर्षं ती वस्तू बघतेय, आज पहिल्यांदा हातात घेतली. लाकूड तुझ्या अंगठ्यानं खोलगट झालंय. कपाटात लोकरी कपड्यांच्या मागे ठेवली आहे, किल्ली माझ्याकडे.

तू इकडे ये. मागची खोली कुणी वापरत नाही. ह्यांनी स्वतः आतलं सामान काढलं आणि तुझ्यासाठी दिव्याची जागा बदलली, मी सांगितलं नव्हतं. इथं बसून नुसता पेपर वाच. सगळ्यांनीच काही ना काही केलं पाहिजे असं कुठं आहे?

आधी बाईंचं काम पुरं करायचं असं तू म्हणशील, ते मला कळतं. कान नाही म्हणतोस, तर चिमणीचा घे. तिला सुट्टी आहे. ती ऐकेल आणि सांगेल. दुसरं कुणी तुझ्या तोंडावर बरं बोललं तर तू विश्वास ठेवणार नाहीस, पण ही तुला घुबड म्हणालेली आहे. शनिवारच्या गाडीनं पाठवते. तिच्याबरोबरच परत ये, असा माझा हट्ट आहे.

तिला काही शिकवून पाठवलेलं नाही, याची खात्री बाळग.

तुझी,
धाकटी


दि. २३ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

चिमणी आज निघाली. मी तिच्याबरोबर आलो नाही, म्हणून हे पत्र तिच्या हाती देतो आहे. तिला रागावू नकोस, तिनं खूप सांगून पाहिलं.

बाईंचं काम झालं. सुया नव्हत्या, म्हणून नुसत्या पॉलिश कागदानं घासून घासून आवाज आणला, त्याला फार वेळ लागतो. बाई वेताच्या खुर्चीत, चिमणी दाराशी जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मी एकेक पट्टी दाबायचो आणि तिच्याकडे बघायचो. पहिल्या दिवशी ती तुझी मुलगी होती. हा कडक आहे, हा नाकातून बोलतोय, हा शेजाऱ्याला हाका मारतोय, असं धडाधड सांगत होती. बाईंना हसू आवरेना. मी तिच्या सांगण्यावरून हात चालवला. मला प्रत्येक आवाज डोळ्यांत गेल्यासारखा लागत होता, पण मी पुढची पट्टी दाबत राहिलो.

काल दुपारी शेवटच्या काही पट्ट्या राहिल्या होत्या. बोटांची पकड नीट बसेना. पूर्वी असं कधी झालं नव्हतं. हातोडी दोनदा हातातून निसटली. ती बसवली, पट्टी दाबली आणि तिच्याकडे बघितलं. तिनं उत्तर द्यायला वेळ लावला. मी पुन्हा दाबली. ती म्हणाली, मामा, आता बरोबर आहे.

हे म्हणताना ती पियानोकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती.

बाईही लगेच म्हणाल्या की छान झालं. मी हत्यारं आवरली. आवाज बरोबर आहे की नाही ते मला माहीत नाही, आणि आता कुणाला विचारावं तेही कळत नाही. बाईंनी चिमणीला वाजवायला सांगितलं. तिनं वाजवलं, बाईंनी खुर्चीतून मान डोलावली. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो.

दारावर लावलेली कामाची पाटी काढली आहे. शाळांतून उरलेली कार्डं परत आणली. घरचा पियानो तसाच आहे. झाकण रोज पुसतो, उघडत नाही. मागच्या खोलीबद्दल मेहुण्यांचे आभार मानतो. येईन किंवा नाही ते आज सांगता येत नाही.

चिमणी चांगली मुलगी आहे. ती मोठी झाली, एवढंच. तिला यातलं काही विचारू नकोस.

तुझी माया आहे ती राहू दे. फक्त मला बरं वाटावं म्हणून पुढच्या पत्रात काही लिहू नकोस.

तुझा,
दादा